फुरसुंगीचे कांदे

"कात्री खाली ठेव."

मी ठेवली.

"कापायचा तो फुलांचा दांडा. त्याचं काम झालं. पानांना हात लावायचा नाही. पानं आत्ता काय करताहेत, माहीत आहे?"

"पिवळी पडताहेत," मी म्हटलं.

"जेवताहेत! आणि जेवून खालच्या कांद्याला भरवताहेत. बाळंतीण जेवायला बसली असताना तिच्यापुढचं ताट ओढशील का रे तू?"

माझ्यावर तसा प्रसंग कधी आला नव्हता, पण मी नाही म्हटलं. आप्पा वर्तकांशी वाद घालायचा नसतो, एवढं मला वाईत येऊन दोन महिन्यांत कळलं होतं.

साल त्र्याहत्तर. मी धरणाच्या कचेरीत ट्रेसर होतो. दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशांवर पारदर्शक कागद ठेवून रेघा गिरवायच्या, हे माझं राष्ट्रकार्य. आप्पांच्या घराची रस्त्याकडची खोली मी भाड्यानं घेतली होती आणि जेवण त्यांच्याकडेच होतं. आप्पा शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉईंग मास्तर. घरात ते आणि अनसूयाकाकू, दोघंच. लेक मिरजेला दिलेली. आता दोघंही नाहीत, म्हणून हे लिहायचा धीर करतो आहे. ती दोघं असती तर अजूनही केला नसता.

आप्पांना वेड ग्लॅडिओलसचं. तलवारीसारखी पानं आणि एका दांड्यावर खालून वर उमलत जाणारी फुलं, तेच. त्याच्या जमिनीतल्या गड्ड्याला शहाणी माणसं कंद म्हणतात. आप्पा कांदाच म्हणत. दिसायलाही तो कांद्यासारखाच, फक्त जरा चपटा, वर तपकिरी साल. "माझे कांदे" असं ते म्हणाले की काकू माजघरातून म्हणत, "खायला ना ल्यायला!" आप्पांच्या मागच्या खोलीला त्या कांद्याची वखार म्हणत आणि तिकडे फिरकत नसत. आप्पाही फिरकू देत नसत. केरसुणीनं लेबलं हलतात, अशी त्यांची तक्रार होती.

या सगळ्यात एक वाफा देवघरासारखा होता. आठ वर्षांपूर्वी आप्पांनी दोन झाडांचं स्वतः लग्न लावलं होतं. भटजी तेच, आणि अक्षता म्हणून ड्रॉईंगच्या कुंचल्यानं एकाचा पराग दुसऱ्यावर. बी धरलं, पेरलं, तीन वर्षांनी फुललं, पसंत पडलं नाही. पुन्हा लग्न, पुन्हा बी. त्या वर्षी, फेब्रुवारीत, वाफाभर हवं ते फूल आलं होतं. गर्द अंजिरी, आणि घशाशी पिवळ्या रेशमाची एक काडी. काकूंना बोलावून आणलं.

"रंग बघ. ओळखीचा वाटतो का?"

काकूंनी पदराला हात पुसत बराच वेळ पाहिलं. "वांग्याचा," त्या म्हणाल्या.

आप्पा वाकून तण उपटू लागले. मी मात्र हसलो. मला वाटलं, काय फर्मास विनोद केला काकूंनी!

फुलं गेली आणि खरी कसोटी सुरू झाली. फुलं असताना सगळं गाव डोकावून जायचं. नंतर उरली ती आडवीतिडवी लोळणारी पिवळी पात. आप्पा तिला पूर्वीइतकंच जपत. पाणी हळूहळू कमी करायचं, पान आपणहून वाळू द्यायचं, ओढायचं नाही, गाठी मारायच्या नाहीत. नेमकी त्यातच काकूंची चैत्रगौर आली. हळदीकुंकवाला पन्नास बायका.

"दारात ही वाळकी पात," काकू म्हणाल्या. "बायका विचारतील, वर्तकांकडे कोण गेलं म्हणून."

"सांग, अजून कोणी नाही. प्रयत्न चालू आहेत."

"दिगू, तू तरी सांग रे यांना."

मी दोन्ही बाजूंना मान डोलावली. माझं जेवण काकूंकडे होतं आणि भाडं आप्पांकडे. शेवटी पन्नास बायका पन्ह्याचे पेले घेऊन त्या वाळक्या पातीला वळसा घालून गेल्या आणि आप्पा वाफ्यापाशी स्टूल टाकून वर्तमानपत्र वाचत बसले. हळदीकुंकवाच्या इतिहासात असा पहारेकरी झाला नसेल.

एप्रिलअखेर कांदे काढले. तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं. लावलेला कांदा खाली सुकून चिपाडासारखा झालेला असतो आणि त्याच्या डोक्यावर नवा, टणक, भरलेला कांदा बसलेला असतो. जुना अंगठ्यानं पिरगाळून काढायचा. "हा पेन्शनर," आप्पा म्हणायचे आणि टाकून द्यायचे. मग सावलीत पसरायचे, माती झाडायची, राखेत घोळायचे, पुसायचे. बाकीच्या रंगांचे कांदे त्यांनी निम्म्या वाईला वाटले. अंजिरी मात्र एकही कोणाला दिला नाही. ते सगळे एकतीस कांदे लाकडी खोक्यात घालून वखारीतल्या खाटेखाली ठेवले. ऑक्टोबरात लावायचे. पुढच्या फेब्रुवारीत पुण्याच्या पुष्पप्रदर्शनात फुलं न्यायची.

जूनमध्ये आप्पांच्या मोतीबिंदूचं मिरजेला ऑपरेशन ठरलं. तेव्हा ते काम आजच्यासारखं चहा होईस्तोवर उरकत नसे. काकू चार दिवस जाऊन परत आल्या, कारण देवाला उपास नको. आप्पा लेकीकडे तीन आठवडे राहणार होते. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला वखारीत बोलावलं आणि दार लावलं.

"हे तुझ्यावर. हिला सांगत नाही, ही चेष्टा करते. दर आठ दिवसांनी खोकं बाहेर काढायचं, कांदे वाऱ्याला लावायचे, मऊ लागला तो बाजूला काढायचा, संध्याकाळी परत आत. पावसाळी हवेत एक नासला की सगळे जातात. आणि दर आठवड्याला एक पोस्टकार्ड. जमेल?"

"आप्पा, कांद्यांना मी ताटावरून उठवणार नाही," मी म्हटलं.

ते हसले. माझ्या विनोदाला ते क्वचित हसत, त्यामुळे मला फार बरं वाटलं.

पहिला रविवार मी इमानानं पाळला. त्याच दिवशी तिन्ही पोस्टकार्डंही लिहून टाकली. "ती. आप्पा, सा. न. कांदे खुशाल आहेत." तारखा तेवढ्या वेगवेगळ्या. ट्रेसरला एकच रेघ तीनदा काढायची सवय असते. दुसरा रविवार मी महाबळेश्वरला मित्रांबरोबर घालवला, पण कार्ड वेळेवर टाकलं. मग बुधवारी मन खायला लागलं म्हणून खोकं उघडलं, तर त्याच्या तळाला ओल आली होती. कांदे धड होते. मी स्वयंपाकघराबाहेरची काकूंची रिकामी टोपली घेतली, कांदे तिच्यात ओतले, टोपली ओसरीवर वाऱ्याला ठेवली आणि खोकं चुलीमागे वाळत टाकलं. संध्याकाळी परत भरायचं ठरवलं.

संध्याकाळ बुधवारची होती, गुरुवारचीही होऊन गेली. रविवारी टोपली तिथंच होती.

तो रविवार आषाढ शुद्ध नवमीचा. कांदेनवमी. एकादशीपासून चातुर्मास, चार महिने घरात कांदा-लसूण नाही, म्हणून असेल नसेल तेवढा कांदा त्या दिवशी संपवायचा. सकाळपासून घरात भजी, झुणका, थालीपिठं. मी तिसरं पोस्टकार्ड पेटीत टाकून आलो होतो, तुडुंब जेवलो होतो आणि पायरीवर बसून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होतो. उभा नऊ, ओझ्याचा प्राणी, तीन अक्षरी. मी गाढव लिहीत होतो.

"दिगू," मागून काकूंचा आवाज आला, "हे कांदे कुठले रे? असे चपटे कसे?"

मी मान वर केली नाही. काकू आप्पांच्या कांद्यांवरून बोलल्या की ती चेष्टाच असायची. सहा महिन्यांत एकदाही तसं नाही, असं झालं नव्हतं. यांना टोपलीत आप्पांचे कांदे दिसले आहेत आणि आप्पा नाहीत म्हणून माझी फिरकी घेताहेत, असंच मला वाटलं. आपणही कमी नाही.

"फुरसुंगीचे, काकू!" मी म्हटलं. "भज्यांना फक्कड!"

"होय? तू आणलेस?"

"खास नवमीसाठी."

"वेडा रे वेडा. एवढे कोण खाणार आता?" आणि त्या हसल्या. मीही हसलो. मग दहाव्या उभ्याकडे वळलो.

संध्याकाळी ओसरीवर टोपली पालथी घातलेली दिसली. धुतलेली होती. त्यातून अजून पाणी टपकत होतं.

"काकू, यातले…"

"हौसाला दिले. झुणक्यापुरते आधीचेच होते की. तुझे मेले कधी चिरू? घरात एक राहता कामा नये."

हौसा म्हणजे आमची गवळीण. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची. मी ते अंतर चालत गेलो की पळत, ते आठवत नाही. हौसा दारात भांडी घासत होती.

"हौसाबाई, ते काकूंनी दिलेले कांदे…"

"कसलं कांदं ते दादा!" ती उसळली. "दोन चिरलं. डोळ्याला पानी न्हाई, नाकाला वास न्हाई, आत नुस्तं खोबरं. काकूंना फशीवलं बगा बाजारात कुनीतरी."

"बाकीचे कुठं आहेत?"

तिनं हनुवटीनं गोठ्याकडे दाखवलं. "तिनंबी आदी त्वांड फिरीवलं. मग पेंडीत कालवून दिलं, तवा खाल्लं."

म्हैस माझ्याकडे बघत रवंथ करत होती. आठ वर्षांचं रवंथ होतं, सावकाश चाललं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच म्हशीच्या दुधाचा चहा मी घेतला. चवीत काही फरक नव्हता.

काकूंना मी त्या दिवशी काही सांगितलं नाही. म्हटलं, उद्या सांगू. उद्या म्हटलं, आप्पा आल्यावर दोघांना एकदमच सांगू.

आप्पा गुरुवारी आले. डोळ्यांवर काळा चष्मा, लेकीचा दीर सोबत. तो स्टँडवरूनच परत गेला. हातपाय धुवायच्या आधी ते वखारीत शिरले. खाटेखाली हात घालून चाचपलेलं मला ऐकू आलं. खोकं अजून चुलीमागे होतं.

"दिगू, कांदे?"

"ओसरीवर ठेवले होते," मी म्हटलं. "वाऱ्याला. टोपलीत."

यात एकही शब्द खोटा नव्हता.

"बरं केलंस. मग?"

मी भिंतीकडे पाहिलं. काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या. त्यांनी तो खाली ठेवला.

"कुठले कांदे? ते टोपलीतले? चपटे?"

"हो."

"अगंबाई," काकू म्हणाल्या. मग पुन्हा, हळू, "अगंबाई. ते मी हौसाला दिले. नवमीला. तिनं म्हशीला घातले, म्हणत होती."

आप्पा खाटेवर बसले. चष्म्यामुळे डोळे दिसत नव्हते.

"ते खायचे कांदे आहेत, असं तुला कोणी सांगितलं?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. जेवढा वेळ लागतो एखाद्याला तोंड उघडून 'मी' म्हणायला, बरोबर तेवढा वेळ पाहिलं. जास्त नाही. मग त्या आप्पांकडे वळल्या.

"कोण सांगणार? मलाच वाटलं."

"आठ वर्षं," आप्पा म्हणाले. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "आठ वर्षं हे कांदे घरात असून तुला ते ओळखू येऊ नयेत." त्यांनी खिशातून माझं पोस्टकार्ड काढलं. "हे बघ. नवमीच्या तारखेचं. कांदे खुशाल आहेत. परक्या पोरानं तीन आठवडे डोळ्यांत तेल घालून सांभाळले. आणि तू."

काकूंनी तांब्या उचलला आणि आत गेल्या. मी तिथंच उभा राहिलो, कारण परकं पोर म्हणून माझं कौतुक चालू होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आप्पा रिकाम्या वाफ्याशी बसले होते. मला त्यांनी जवळ बसवलं. मी ठरवलं होतं, आज सांगायचं. तोंड उघडणार, तेवढ्यात तेच बोलू लागले.

"तुला हसू येईल. फुलाला हिचं नाव देणार होतो."

मी वाफ्यातलं एक वाळकं पान उचललं.

"लग्न होऊन आली तेव्हा त्या रंगाचं लुगडं होतं. अंजिरी, पिवळे काठ. लुगडं कधीच बोहारणीला गेलं. दोन पातेली आली त्यावर. तिच्या लक्षातही नाही. मी ड्रॉईंग मास्तर ना, माझ्याकडे रंग राहिला. कुंचल्यानं जमेना, म्हणून म्हटलं कांद्यानं बघू. बत्तीस वर्षांत हिला एक बरा शब्द बोललेलो नाही. यायचे नाहीत तोंडात. म्हटलं, काही न सांगता प्रदर्शनाला न्यावं आणि पाटीपुढं उभं करावं. 'अनसूया' लिहिलेलं वाचेल. चार बुकं शिकलेली आहे."

मग म्हणाले, "हिला यातलं काही बोलू नकोस हां. आपलंच नाव आपण म्हशीला घातलं, असं होईल तिला. झुरेल. तिची चूक नाही, तिला काय ठाऊक? मीच काल जास्त बोललो."

"त्यांना सांगा ना तसं," मी म्हटलं.

"सांगेन," आप्पा म्हणाले. "येत नाही रे."

त्या वेळी मी एवढंच म्हणायला हवं होतं की आप्पा, चूक माझी आहे. काकूंच्या मनावरचं ओझं उतरलं असतं, मग नावाचं सांगायलाही हरकत राहिली नसती. हिशोब साधा होता, ट्रेसरलाही कळण्यासारखा. पण आप्पांनी मला गप्प बसायची शपथ घातली होती, आणि एवढी सोयीची शपथ मला आयुष्यात पुन्हा कोणी घातली नाही.

मी पंधरा दिवसांत धरणाच्या वसाहतीत खोली मिळवली. कचेरी जवळ पडते, असं सांगितलं. निघायच्या दिवशी आप्पा देवळात गेले होते. काकूंनी मला डबा करून दिला. थालीपिठं, चातुर्मासातली, कांद्याशिवाय. मी पाया पडलो.

"त्या दिवशी बोलला नाहीस ते बरं केलंस हो," त्या अचानक म्हणाल्या. "तू तर गमतीत म्हणाला असशील. मान खाली होती तुझी, तुला तरी कुठं ठाऊक होतं मी कोणत्या कांद्यांचं विचारते आहे? माझ्यावर चिडतील आणि विसरतील. तू परका मुलगा, तुला बोल लागला असता तर गावी जाऊन काय सांगितलं असतंस आमच्याबद्दल?"

काकूंना वाटत होतं, मला ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी मला पाठीशी घातलं होतं.

"पण एक विचारते. खरं सांग." त्यांनी आवाज उतरवला. घरात दुसरं कोणी नव्हतं. "अजून धड जेवत नाहीत रे. रागानं नाही, राग मला कळतो. त्या कांद्यांत एवढं काय होतं? तुझ्याशी बोलत असतात. काही म्हणाले तुला?"

अंगणात कोंबडी फिरत होती. मी तिच्याकडे पाहिलं.

"नाही काकू," मी म्हटलं. "छंद असतो एकेकाचा."

"तेवढंच ना?"

"तेवढंच."

"हां." त्यांनी डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून पाहिलं. ते आधीच घट्ट बसलेलं होतं. "मला आपलं उगाच वाटलं."

काय वाटलं, ते मी विचारलं नाही. डबा पिशवीत घातला आणि साडेअकराची एस.टी. गाठली.